मुलांकडून वचनं पाठ करून घेताना: दोन वर्षांच्या बाळापासून दहावीच्या पोरापर्यंत

शनिवारी रात्री साडेनऊला बायबलमधलं वचन हातात घ्यायचं, रविवारी सकाळी गाडीवर मागे बसून घोकायचं, चर्चच्या संडे स्कूलमध्ये टीचरसमोर एका दमात म्हणायचं, आणि सोमवारी संध्याकाळी कुणी विचारलं तर पहिले दोन शब्द सोडून काही आठवायचं नाही. कोल्हापुरातल्या आपल्या बऱ्याच घरांत पाठांतर असंच चालतं. यात मुलांची बुद्धी कमी पडत नाही. रविवार सरला की ते वचन त्यांना पुन्हा कुणी विचारतच नाही, म्हणून ते जातं.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यांत झपाट्याने विसरतं आणि मधे मधे अंतर ठेवून पुन्हा म्हटलं तर टिकतं, हे त्याने मोजून दाखवलं. आपल्या आज्ज्या-पणज्यांना हा संशोधक माहीत नव्हता. पण रोजच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत तीच स्तोत्रं पुन्हा पुन्हा म्हटल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही ती अखेरपर्यंत तोंडपाठ राहिली. म्हणून या लेखात नवीन वचन देण्यापेक्षा जुनं वचन परत परत विचारण्यावर माझा जास्त भर आहे. वर्षाला बारा वचनं पक्की झाली तरी मूल दहावीला जाईपर्यंत शंभराच्या वर वचनं त्याची स्वतःची होतात.

आधी घरात एक बायबल ठरवा

बहुतेक घरांत दोन-तीन प्रकारची मराठी बायबल असतात. आज्जीचं जुनं, कडा झिजलेलं. चर्चमध्ये वाचतात ते बायबल सोसायटीचं. फोनमध्ये सोप्या भाषेतलं आणखी एक. काहींच्या कपाटात पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतरही सापडेल. मोठ्या माणसाला यातल्या फरकाने काही अडत नाही, पण सहा वर्षांचं मूल गोंधळतं. संडे स्कूलमध्ये एक ऐकतं, घरी आज्जी दुसरं म्हणते, आणि आपलंच चुकलं असं समजून ते गप्प बसतं.

तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी ज्या भाषांतरातून वाचन होतं तेच पाठांतरासाठी घ्या. पाळकांनी व्यासपीठावरून वाचलेलं वचन आपल्याला येतं हे कळलं की मूल बाकावर ताठ बसतं, आईचा पदर ओढतं, आणि पुढचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत राहतं. घरी ही उजळणी मुद्दाम करून घ्यावी लागत नाही. फोनच्या ॲपमध्येही तेच भाषांतर निवडून ठेवा. आज्जीला तिचं बायबल सोडायला लावू नका, तिचं वाचन त्यातूनच होऊ दे. पाठांतराच्या वेळी मात्र तिच्या हातात कार्ड द्या आणि "आज्जी, तुम्ही याच्यातलं बघून तपासा" असं सांगा. म्हणजे तिचा मानही राहतो आणि मुलाचा गोंधळही होत नाही.

आता इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं. शहरातली आपली निम्मी-अधिक पोरं देवनागरी अडखळत वाचतात, म्हणून पालक इंग्रजी वचनांकडे वळतात. माझ्या मते घरात ज्या भाषेत प्रार्थना होते त्याच भाषेत वचन पाठ व्हावं. आजारपणात, भीतीत, रात्री अंधारात मूल त्याच भाषेत देवाशी बोलणार आहे. वाचायला जड जात असेल तर कानाने शिकवा. तुम्ही म्हणा, त्याला म्हणू द्या. फक्त मराठी वचन इंग्रजी अक्षरांत लिहून देऊ नका. त्यात 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांची सरमिसळ होते आणि एकदा बसलेला चुकीचा उच्चार काढायला फार कष्ट पडतात. इंग्रजी वचनंही शिकवायची असतील तर जरूर शिकवा, पण एकच वचन एकाच आठवड्यात दोन्ही भाषांत नको.

वेळ कुठून काढायचा

वेगळा वेळ काढायला जाऊ नका, तो मिळत नाही. शाळा, क्लास, आईची नोकरी, बाबांची शिफ्ट, यात "रोज सात वाजता वचनाचा तास" दहा दिवससुद्धा टिकत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात 6:7 मध्ये, म्हणजे सहाव्या अध्यायाच्या सातव्या वचनात, देवाच्या आज्ञांविषयी मुलांशी कधी बोलायचं याच्या वेळाच सांगून ठेवल्या आहेत: घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता. हे चारही प्रसंग आपल्या घरात रोज येतातच.

सकाळी वेणी घालताना मूल जागेवर बसलेलं असतं, तेव्हा एकदा म्हणून घ्या. शाळेत सोडायला जाताना गाडीवर किंवा वडापची (शेअर जीपची) वाट बघत उभं असताना एकदा. रात्री दिवा घालवल्यावर अंथरुणात एकदा. झोपायच्या आधी म्हटलेलं चांगलं बसतं, कारण दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो. या चारांतले दोनच प्रसंग निवडा आणि ते सोडू नका. एका वेळेला तीन ते पाच मिनिटं पुरतात. त्याहून जास्त ताणलंत तर दुसऱ्या दिवशी मूल तुम्हाला टाळायला लागेल.

एक वचन, एक आठवडा

नीतिसूत्रे 3:5-6 घेऊन सगळी पद्धत दाखवते: "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस, तू आपल्या सर्व मार्गांत त्याचा आदर कर, म्हणजे तो तुझा मार्गदर्शक होईल."

सोमवारी पाठ करायला सांगूच नका. वचन मोठ्याने, सावकाश वाचून दाखवा आणि बोला. 'भाव ठेवणे' म्हणजे भरवसा ठेवणे, 'अवलंबून राहणे' म्हणजे कुणाच्या तरी आधारावर राहणे, एवढं मुलाच्या भाषेत सांगा. नंतर त्यालाच विचारा, "तुला कशाचा निर्णय घ्यायचा असला की घोळ होतो?" पोरं मजेशीर आणि खरी उत्तरं देतात. न समजलेलं वचनही पाठ होतं, पण त्यातला एक शब्द निसटला की सगळंच कोलमडतं. अर्थ माहीत असला तर मूल विसरलेला शब्द अर्थावरून शोधून काढतं.

मंगळवारी वचनाचे चार तुकडे करा. दम घेण्याची जागा जिथे येते तिथेच तोडा: "तू आपल्या अगदी मनापासून" / "परमेश्वरावर भाव ठेव" / "आपल्याच बुद्धीवर" / "अवलंबून राहू नकोस". हे झालं पाचवं वचन. पहिला तुकडा पक्का झाला की पहिला आणि दुसरा मिळून, मग तिन्ही, मग चारही. सहावं वचन बुधवारी याच रीतीने घ्या. गुरुवारी दोन्ही जोडा. जोडावरच मुलं अडकतात, त्यामुळे "राहू नकोस, तू आपल्या सर्व मार्गांत" एवढाच भाग मुद्दाम वेगळा चार-पाच वेळा म्हणून घ्या.

शुक्रवारी काहीही न दाखवता आठवून म्हणायला सांगा. मूल अडखळलं की आपण लगेच पुढचा शब्द पुरवतो. तसं करू नका. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. तरीही आलं नाही तर फक्त पुढचा एक शब्द द्या, सगळी ओळ नाही. आठवण्यासाठी केलेली ती धडपडच वचन पक्कं करते. ओळ आयती मिळत गेली तर मूल पुढच्या वेळीही तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

शनिवारी घरातल्या दुसऱ्या कुणासमोर तरी म्हणू दे. गावाकडच्या आजोबांना फोन लावा. "आजोबा, ऐका की, मला नवीन वचन येतंय" म्हणत पोरं फोनवर जो उत्साह दाखवतात तो आई-वडिलांसमोर दाखवत नाहीत. रविवारी संडे स्कूल आहेच.

वचनाचा संदर्भ दोनदा म्हणायची सवय लावा, सुरुवातीला आणि शेवटी: "नीतिसूत्रे तीन, पाच आणि सहा". शब्द येतात पण कुठलं ते सांगता येत नाही, अशी मोठी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. लहानपणापासून संदर्भ वचनाबरोबरच म्हटला तर हा प्रश्नच येत नाही.

दोन ते चार वर्षं

या वयात 'पाठ कर' हे शब्द नकोत. तुम्ही म्हणत राहा, ते उचलतं. दोन-चार शब्दांची वचनं घ्या: "देव प्रीती आहे" (1 योहान 4:8), "येशू रडला" (योहान 11:35), "सर्वदा आनंदित असा" (1 थेस्सलनीकाकरांस 5:16). आंघोळ घालताना, भरवताना, पाळण्याच्या चालीवर म्हणा. नंतर शेवटचा शब्द गाळा आणि थांबा. "परमेश्वर माझा..." म्हणून तुम्ही गप्प बसलात की बोबड्या तोंडातून 'मेंढपाळ' येतो. हळूहळू शेवटचे दोन शब्द गाळा, मग तीन. प्रत्येक वचनाला हाताची एक खूण ठेवा, कारण या वयात हात आधी आणि जीभ मागाहून शिकते. संदर्भ विचारू नका.

स्तोत्र 23 शिकवायला तर कोल्हापूरच्या आसपासच्या मुलांसारखं भाग्य नाही. कागलच्या किंवा पट्टणकोडोलीच्या बाजूला गेलात आणि धनगराचा कळप रस्त्यात आडवा आला तर हॉर्न वाजवू नका, गाडी बाजूला घ्या. खांद्यावर घोंगडं, हातात उंच काठी, चालता न येणारं कोकरू काखेत. एखादं मेंढरू उसाच्या बांधाकडे वळलं की त्याची ती हाळी, आणि नुसत्या आवाजावर मागे फिरणारी मेंढरं. हे पाच मिनिटं बघू द्या. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" याचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगावा लागणार नाही, आणि पुढे चौथ्या वचनातली "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" ही ओळ आली की मूल आपणहून म्हणेल, "ती काठी मी बघितलीय."

पाच ते सात वर्षं

हे खेळाचं वय आहे, म्हणून पाठांतरालाही खेळाचं रूप द्या. चार खेळ माझ्या अनुभवात कधी वाया गेले नाहीत.

पाटीचा खेळ: पाटीवर किंवा लहान फळ्यावर वचन लिहा, सगळ्यांनी मिळून वाचा. मुलाला कुठलाही एक शब्द पुसू द्या आणि पुसलेल्या शब्दासकट पुन्हा म्हणा. असं करत पाटी कोरी होईपर्यंत जा. मूल शब्द पुसायला इतकं उतावीळ असतं की दहा-बारा वेळा वचन म्हणून झालं हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

चिमट्यांचा खेळ: कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवर एकेका शब्दाची चिठ्ठी चिकटवा. मुलाने ते दोरीवर क्रमाने लावायचे. दोन भावंडं असतील तर एकाने लावायचे आणि दुसऱ्याने मधला एक काढून लपवायचा.

ठिकरी: अंगणात किंवा गच्चीवर खडूने चौकटी आखून प्रत्येकीत एक शब्द लिहा. लंगडी घालत जाताना ज्या चौकटीत पाय पडेल तो शब्द मोठ्याने म्हणायचा.

आवाजाचा खेळ: पहिल्यांदा कुजबुजत, मग साध्या आवाजात, मग आज्जी बोलते तसं, मग रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं. पावसाळ्यात घरात कोंडलेल्या पोरांना हा फार आवडतो.

या वयात संदर्भातलं पुस्तकाचं नाव आणि अध्याय आले तरी पुष्कळ झालं. लिहायला लावू नका. अक्षर काढण्यातच सगळी शक्ती जाते आणि वचनाचा कंटाळा येतो.

आठ ते अकरा वर्षं

पाठांतराला याहून चांगलं वय पुढे येत नाही. या मुलांना एकेक वचन देत बसू नका, पूर्ण स्तोत्र द्या. स्तोत्र 117 दोनच वचनांचं आहे, तिथून सुरुवात करा. मग स्तोत्र 100 (पाच वचनं), स्तोत्र 1 आणि 23 (प्रत्येकी सहा), स्तोत्र 121 (आठ). "मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो" हे पन्हाळ्याच्या वाटेवर, डोंगर समोर दिसत असताना म्हणा आणि तिथेच विचारा, या डोंगरापेक्षा मोठा कोण? दुसऱ्या वचनात उत्तर आहे. त्यानंतर दहा आज्ञा (निर्गम 20) आणि डोंगरावरच्या प्रवचनाची सुरुवात, मत्तय 5:3-12. यातली वाक्यं एकाच घडणीची आहेत, 'ते धन्य' आणि 'कारण' अशी, त्यामुळे दिसायला लांब असली तरी लवकर बसतात.

इथे पहिल्या अक्षरांची युक्ती वापरा. नीतिसूत्रे 3:5 चं कार्ड असं दिसेल: तू आ अ म प भा ठे, आ बु अ रा न. मूल आधी पूर्ण वचन बघून म्हणतं, मग फक्त ही अक्षरं बघून, मग काहीच न बघता. पूर्ण कागदावरून एकदम कोऱ्या कागदावर उडी मारायला लावण्यापेक्षा ही मधली पायरी फार उपयोगी पडते.

यादी असलेली वचनं बोटांवर बसवा. गलतीकरांस 5:22-23 मधल्या आत्म्याच्या फळाचे नऊ गुण आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. तीन-तीनच्या जोडीने म्हटले की सोपे जातात. शेवटचा शब्द मुलांना अवघड वाटतो. समोर शेवटचा लाडू असताना तो धाकट्या भावासाठी ठेवणं म्हणजे इंद्रियदमन, एवढं सांगितलं की काम होतं.

बायबलमधल्या 66 पुस्तकांची नावं क्रमाने याच वयात पाठ करून घ्या, जुन्या कराराची 39 आणि नव्याची 27. ती आली की 'वचन शोधा' खेळा. तुम्ही संदर्भ सांगायचा, पोरांनी बायबल उघडून बोट ठेवायचं. फोनवर शोधायची मुभा नाही.

बारा ते सोळा वर्षं

या मुलांना पाहुण्यांसमोर उभं करून "म्हणून दाखव की रे" असं कधीही म्हणू नका. आवाज फुटलेला असतो, लाज वाटत असते, आणि तेवढ्या एका प्रसंगाने वचनांवरचं मन उडू शकतं.

वचन त्यांना निवडू द्या, आणि त्यांच्या प्रश्नाला धरून निवडू द्या. परीक्षेची धास्ती असेल तर फिलिप्पैकरांस 4:6-7. एकटं वाटत असेल तर स्तोत्र 139. राग आवरत नसेल तर याकोब 1:19-20. मित्र-मैत्रिणींत दुरावा आला असेल तर 1 करिंथकरांस 13, जे "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" या ओळीपासून आठव्या वचनापर्यंत सलग पाठ करण्यासारखं आहे. रोमकरांस 8:31-39 मोठं आहे, पण वाद घालायच्या वयातल्या पोरांना त्यातले प्रश्नावर प्रश्न आवडतात.

पाठ कशाला करायचं, फोनमध्ये आहे की सगळं, असा प्रश्न येणारच. तेव्हा त्यांच्याबरोबर मत्तय 4 वाचा. रानात सैतानाने तीनदा मोहात पाडायचा प्रयत्न केला तेव्हा येशूने तिन्ही वेळा शास्त्रवचनाने उत्तर दिलं, आणि तिन्ही वचनं अनुवादाच्या पुस्तकातली आहेत. त्याच्याजवळ तिथे शास्त्राची गुंडाळी नव्हती. हे मुलांना पटतं.

ज्यांना रचनेची, कोड्यांची आवड आहे त्यांना स्तोत्र 119 दाखवा. 176 वचनं, आठ-आठ वचनांचे 22 भाग. मूळ हिब्रूत प्रत्येक भागातली आठही वचनं वर्णमालेतल्या एकाच अक्षराने सुरू होतात, असे क्रमाने 22 अक्षरांचे 22 भाग. मराठीत ती अक्षरं दिसत नाहीत, पण आठांचे भाग तसेच आहेत, आणि महिन्याला एक भाग हे मोठ्या मुलासाठी चांगलं आव्हान आहे.

या वयात सगळ्यांत परिणाम होतो तो आई किंवा वडिलांनी तेच वचन बरोबर पाठ करण्याचा. मुलाला तुम्हाला तपासू द्या, तुमची चूक काढू द्या. शाहू स्टेडियमवरची मॅच बघून परत येताना गाडीवर बापलेकांनी एकेक वचन आळीपाळीने म्हणावं, घरी येईपर्यंत स्तोत्र संपतं.

दहावीच्या वर्षात नवीन काही देऊ नका. फक्त जुन्याची उजळणी, तीही पाच मिनिटं.

उजळणीचा डबा

लेखातलं दुसरं काही जमलं नाही तरी हे एवढं करा.

मिठाईचा रिकामा खोका घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून सारख्या मापाची कार्डं करा. एका कार्डावर एकच वचन, वर संदर्भ, मागे पाठ करायला घेतल्याची तारीख. आता जाड पुठ्ठ्याच्या 41 पट्ट्या कापून खोक्यात उभ्या लावा: एक 'रोज', एक 'सम तारीख', एक 'विषम तारीख', सात वारांच्या सात, आणि 1 ते 31 तारखांच्या एकतीस.

नवीन वचन 'रोज'च्या मागे जातं. दोन आठवडे न अडखळता आलं की ते सम किंवा विषम तारखेमागे सरकवा, म्हणजे ते एक दिवसाआड येईल. तिथे महिनाभर टिकलं की एखाद्या वारामागे, मग ते आठवड्यातून एकदा येईल. आणखी दोन महिन्यांनी एखाद्या तारखेमागे, म्हणजे महिन्यातून एकदा. कुठल्याही दिवशी तुम्हाला चारच पट्ट्यांमागची कार्डं काढायची असतात: रोज, आजची सम किंवा विषम, आजचा वार, आजची तारीख. डब्यात शंभर वचनं असली तरी रोज चार-पाचच म्हणावी लागतात.

एखादं वचन विसरलं असेल तर ते एक पट्टी मागे आणा. रागावू नका, "परत रोजमध्ये गेलं रे" असं दुःखाने म्हणू नका. वचनं मागे येणारच, त्यासाठीच डबा आहे. कार्ड पुढे सरकवायचं काम मुलाच्या हातून होऊ द्या, त्यात त्यांना फार समाधान असतं.

जिथे गाडी अडते

दोन भावंडांत एक पटकन पाठ करतो आणि दुसऱ्याला वेळ लागतो. त्यांना एकच वचन देऊन शर्यत लावू नका. वचनं वेगळी द्या, किंवा धाकट्याला तपासायचं काम थोरल्याकडे द्या. तपासताना तोंडाने म्हणायचं नसतं हे माहीत असूनही थोरला म्हणतोच.

वाचायला खरोखर त्रास होणारं मूल असेल तर कार्ड बाजूला ठेवा. आजोबांच्या आवाजात वचन सावकाश रेकॉर्ड करा, प्रत्येक तुकड्यानंतर तेवढीच शांत जागा सोडा, म्हणजे मुलाला मागून म्हणता येईल. अशी मुलं कानाने ऐकून इतरांच्या बरोबरीने पाठ करतात. अडखळत बोलणाऱ्या मुलाला चालीवर म्हणू द्या. आपल्या मंडळ्यांत टाळ-मृदंगावर भजनं होतातच, अभंगाच्या किंवा ओवीच्या चालीत बरीच वचनं थोडी ओढून बसतात. गाताना अडखळणं पुष्कळदा कमी होतं. संडे स्कूलच्या टीचरना आधी भेटून सांगून ठेवा की हे मूल गाऊन म्हणेल.

वचन शिक्षा म्हणून देऊ नका. "उलट बोललास ना, आता इफिसकरांस 6:1 दहा वेळा लिही" हे मला अजिबात मान्य नाही. आईबापांच्या आज्ञेत राहा हे वचन मुलाने प्रेमाच्या वेळी शिकावं, रागाच्या वेळी नाही.

बक्षिसाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझं असं: सात वर्षांपर्यंत चिकटवायची चांदणी, खाऊ, काहीही चालेल. पुढे प्रत्येक वचनामागे चॉकलेट किंवा पैसे नकोत, कारण ते बंद केलं की पाठांतरही बंद पडतं. पूर्ण स्तोत्र झालं की त्या दिवशी जेवण त्याच्या आवडीचं, आणि जेवणाआधी ते स्तोत्र त्यानेच म्हणायचं. संडे स्कूलची पाठांतर स्पर्धा चांगलीच, फक्त स्पर्धेची वचनंही नंतर डब्यात गेली पाहिजेत.

वर्षभराचा क्रम

सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शाळेच्या वर्षाला धरून हा क्रम घ्या. जूनमध्ये नवी इयत्ता, म्हणून नीतिसूत्रे 3:5-6. जुलैत स्तोत्र 121:1-2.

ऑगस्टला स्तोत्र 46:1-3. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की आपल्याकडची मुलं मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ज्यांनी रात्रीतून सामान माळ्यावर चढवलं आणि नातेवाइकांकडे आसरा घेतला, त्या घरांत ही आठवण अजून ताजी आहे. या स्तोत्रात गर्जणारं, खवळणारं पाणीही आहे आणि देव आमचा आश्रय आहे हेही आहे. पाणी येण्याआधीच ते पाठ असलेलं बरं.

सप्टेंबरला इफिसकरांस 4:32, क्षमेचं. ऑक्टोबरला सहामाही परीक्षा, म्हणून फिलिप्पैकरांस 4:6. नोव्हेंबरला स्तोत्र 100 पूर्ण. डिसेंबरला लूक 2:10-11, आणि मोठ्या मुलांना 8 ते 14. हे नोव्हेंबरच्या शेवटीच घ्या, नाहीतर नाताळच्या नाटकाच्या तालमीत वेळ मिळत नाही. जानेवारीत स्तोत्र 119:105. फेब्रुवारीत 1 योहान 4:7. मार्चमध्ये यहोशवा 1:9. ईस्टरच्या आधी यशया 53:5 आणि ईस्टरच्या आठवड्यात योहान 11:25, मग तो सण मार्चमध्ये येवो की एप्रिलमध्ये.

मे महिन्यात स्तोत्र 23 पूर्ण. सुट्टीत मुलं गावी जातात, सकाळी सुट्टीतल्या बायबल शाळेला जातात, दुपारी सगळी चुलत-मावस भावंडं एकत्र असतात. सहा वचनं आहेत, सहा पोरांना एकेक वाटून द्या, रोज एकाने पुढचं घ्यायचं, आठवड्याच्या शेवटी सगळ्यांना सगळी येतात. कार्डाचा डबा गावी घेऊन जायला विसरू नका. आणि जूनमध्ये नवं कार्ड घालताना आधीची कार्डं 'जुनी झाली' म्हणून काढून ठेवू नका, ती आपापल्या तारखेला येत राहू द्या.